मदत हवी आहे: ॲडव्हान्टेज दिल्यावर रेड कार्ड जातं का?

रेफरी मंडळी आहेत का इथे? कालच्या फुटबॉल मॅचमध्ये आमचा स्ट्रायकर एकटा गोलकडे निघालेला, बॉक्सच्या बाहेर डिफेंडरने मागून जर्सी खेचली, बॉल सरकून आमच्याच दुसऱ्या प्लेयरकडे गेला म्हणून रेफरीने हात पुढे करून ॲडव्हान्टेज दिला (म्हणजे फाऊल असूनही खेळ चालू ठेवला), त्याने शॉट मारला तो पोस्टला लागून बाहेर, आणि मग डिफेंडरला फक्त यलो!! सगळे ओरडतायत लास्ट मॅन (गोलकीपरआधीचा शेवटचा डिफेंडर) होता, रेडच हवं.

आता 'लास्ट मॅन' असा शब्द नियमात नाहीच हे मला माहितेय (कॉमेंट्रीवाल्यांची देणगी). गोलचा स्पष्ट चान्स हिरावला का हे ठरवताना गोलपासून अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहायची शक्यता, बाकीचे डिफेंडर कुठे आणि किती, हे चार बघतात. बॉक्समध्ये बॉलसाठी प्रयत्न करताना फाऊल झाला तर पेनल्टी आणि यलो, पण ओढाओढी केली तर रेडच, हेही कळलं.

माझं अडतंय ते ॲडव्हान्टेजपाशी. चान्स पुढे चालू राहिला म्हणून रेडचं यलो होतं असं एकजण म्हणतो, बरोबर आहे का? आणि शॉट मारून झाल्यावर रेफरी परत मागे येऊन फ्री किक देऊ शकतो का, की शॉट मारला म्हणजे ॲडव्हान्टेज वापरून झाला? मला तर वाटतं अशा वेळी सरळ शिट्टी मारलेलीच बरी, निदान ते दहा जणांवर तरी आले असते. शिट्टी वाजवायची की थांबायचं हे तुम्ही एवढ्या पटकन कशावरून ठरवता तेही सांगा.