वातावरण तापलं की नेट बंद आणि नाक्यावर मोबाइल चेक, हे कुठपर्यंत चालवून घ्यायचं?

गोदाकाठचा, अंबड :
राम राम मंडळी. लई दिवसांपासून मनात होतं, आज लिहितोच. थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

२६ फेब्रुवारी २०२४. आमच्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालना, बीड, संभाजीनगर तिन्ही जिल्ह्यांत नेट बंद. आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं, एसटी जाळली होती, हे सगळ्यांना माहिती आहे आणि आंदोलन बरोबर का चूक ह्यासाठी हा धागा नाही, ते कृपा करून इथं आणू नका. मी त्या दिवशी भावजयीला घेऊन जालन्यात दवाखान्यात होतो. खिशात दोनशे रुपये, कारण आता नोटा बाळगतंय कोण, भाजीपासून डिझेलपर्यंत सगळं फोनपेवर. मेडिकलवाल्यानं औषधाची पिशवी भरून काउंटरवर ठेवली आणि म्हणला दादा, पैसे दिसले की घेऊन जा. त्याची तरी काय चूक, त्याचंही सकाळपासून मशीन बंद. शेवटी बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची आई, गंगाखेडकडची होती, ओळख ना पाळख, तिनं पदराची गाठ सोडून हजार रुपये काढून दिले. नेट कधी चालू होणार हे मी वॉर्डबॉयपासून बंदोबस्तावरच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना विचारलं, एकालाही माहिती नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षातली. गावाचं नाव घेत नाही. बंदोबस्त होता, नाक्यावर गाडी अडवली, लायसन बघितलं, मग म्हणले मोबाइल उघड. मी उघडला. त्यांनी आमच्या भावकीचा ग्रुप वाचला, गॅलरी वर-खाली केली, त्यात बायकोचे फोटो, लेकराला पाजतानाचा एक होता. तो पोलीस माझ्या पोरापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. फोन परत दिला, जा म्हणला. तिथून रानापर्यंत गाडी चालवत आलो पण डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि घरी अजून हे सांगितलेलं नाही.

अडचणीच्या काळात सरकारच्या हातात जास्त ताकद लागते, हे मला मान्य आहे. पण ती कोणी दिली, कागद कुठं आहे, आणि ती परत कधी घेणार, एवढं विचारलं तर माणूस लगेच आंदोलकांचा नाहीतर अतिरेक्यांचा कसा होतो?

निवृत्त फौजदार, लातूर :
तुमच्या भावजयीचं वाचून वाईट वाटलं. पण आता माझंही ऐका, मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी ह्याच मराठवाड्यात.

राईनपाडा आठवतं का? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून खाणारे. पोरं पळवणारी टोळी फिरायलीये असा व्हॉट्सॲपचा मेसेज फिरत होता, तेवढ्यावर बाजाराच्या दिवशी लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. त्या पाच घरांना कोण कुठला कागद दाखवणार आहे?

एका ठाण्याच्या हद्दीत चाळीस-पन्नास गावं आणि रात्री ड्युटीला माणसं किती असतात ते ठाण्यात येऊन एकदा मोजा. अफवा दहा मिनिटांत पन्नास गावांत जाते. एसआरपीची तुकडी यायला चार तास लागतात. नेट बंद करून आम्हाला ते चार तास मिळतात, बाकी काही नाही. त्या चार तासांत कुणाचं घर जळत नाही, म्हणून कुणाला त्याची किंमतही कळत नाही.

शहागंजची ताई, संभाजीनगर :
काकांशी सहमत. मे २०१८ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकानं जळत होती, दोन माणसं गेली त्या दंगलीत. मी दोन पोरी घेऊन गच्चीवर बसले होते आणि फोनवर सारखे व्हिडिओ येत होते, हे बघा तिकडं काय केलं, ते बघा इकडं काय केलं, अर्धे कुठले जुने होते काय माहीत. समोरच्या घरातली चांगली शिकलेली पोरं ते बघून काठ्या शोधायला लागली होती. त्या रात्री मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळं बंद करा, माझा फोन पण घ्या. दादा, तुमचं दुःख खरं आहे पण तुम्ही रात्र गच्चीवर काढलेली नाही.

मोबाइल चेकचं मात्र मला पटत नाही. बाईचा फोन रस्त्यात कुणी उघडून बघायचा नाही.

देश आधी, नांदेड :
ज्यानं काही केलं नाही त्याला भ्यायचं काय कारण? माझा फोन या आणि बघा. २६/११ ला आत बसलेले हल्लेखोर कराचीतल्या लोकांशी बोलत होते ते फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले म्हणून पुढे जगाला पुरावा दाखवता आला. मे २००६ मध्ये एटीएसनं आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या त्या कुठं, काश्मिरात नाही, आपल्याच औरंगाबादकडच्या पट्ट्यात. १२ जण दोषी ठरले त्यात. पहलगामला २६ माणसं मारली तेव्हा प्रायव्हसीवाले कुठं होते? आधी जिवंत राहू, हक्कांचं नंतर बघू.

खंडपीठातला एक वकील :
बरंच मिसळलंय, थोडं वेगळं करतो.

नेट बंद करण्याचा अधिकार ना ठाणेदाराला आहे ना कलेक्टरला. २०१७ च्या नियमांपासून हा आदेश राज्याच्या गृह सचिवाचा असतो, जिल्ह्यातून फक्त प्रस्ताव जातो. काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला स्पष्ट सांगितलं की आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला कोर्टात जाता येईल, आणि बेमुदत बंदी चालणार नाही. नंतर १५ दिवसांची कमाल मर्यादा आली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये जे नवीन नियम आले त्यातही ती आहे. मुख्य सचिवांच्या समितीनं पाच दिवसांत आदेश तपासायचा असतो. म्हणजे गोदाकाठच्या दादांनी वॉर्डबॉयला जे विचारलं त्याचं उत्तर कायद्यानं कागदावर असायलाच हवं होतं.

फौजदार साहेब, तुमचे चार तास मला मान्य आहेत. पण नेट बंद केल्यानं दंगल खरंच थांबते का हे कुणी मोजलंय? संसदेच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवलंय की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदसुद्धा केंद्राकडे नाही आणि त्याचा उपयोग झाला का याचा अभ्यासही नाही. आणि राईनपाड्यानंतर काय झालं ते आठवा. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड होईल अशी मर्यादा घातली. अफवेच्या पायात दोरी घातली आणि दवाखान्यातल्या माणसाचं फोनपे चालू राहिलं. असे मधले रस्ते शोधायला कष्ट पडतात, बटण दाबायला पडत नाहीत, माझी तक्रार एवढीच आहे.

देश आधी, २६/११ चे फोन ऐकले ते अगदी योग्यच होतं. ते ठरावीक नंबर होते आणि समोर गोळीबार चालू होता. फोन ऐकायला कायदा आहेच, १९९६ च्या पीयूसीएल निकालानं त्याला चौकट दिली, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्यातही तरतूद आहे. मात्र डेटा सुरक्षेवरच्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात लिहिलंय की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या तपासणी समितीपुढे एका बैठकीला १५ ते १८ हजार आदेश असतात. कोण माणूस एका बैठकीत एवढे कागद वाचू शकतो? कायद्यानं पहारेकरी नेमलाय, पण त्याला डोळे उघडायला वेळच ठेवलेला नाही.

देश आधी, नांदेड :
वकील साहेब तुमचे निकाल ठीक आहेत पण अतिरेकी नियम वाचून येत नाही. तो पाच दिवसांची समिती बसायची वाट बघत नाही.

खंडपीठातला एक वकील :
समिती नंतर बसते, आदेश आधी निघतो. तातडीत हात बांधलेले नाहीत. नंतर हिशोब द्या, एवढंच मागणं आहे.

परभणीचा पोरगा :
देश आधी भाऊ, तुम्ही म्हणता काही केलं नाही त्याला काय भ्यायचं. माझं नाव ऐकून घरमालक रूम देत नाहीत म्हणून मी इथं नाव लिहीत नाही. नाक्यावर चार गाड्या असल्या तर थांबवतात ती माझी असते. पहलगाम झालं तेव्हा माझी अम्मी दोन दिवस नीट जेवली नाही, रडली, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणली, आता महिनाभर बाहेर जाऊ नको. ह्या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी होत्या हो.

२००६ चा विषय तुम्हीच काढला म्हणून सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालेगावात स्फोट झाले, नऊ जणांना पकडलं, पाच वर्षं आत ठेवलं, मग तपासात दुसरीच माणसं पुढं आली आणि २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. मुंबईच्या लोकलमधले स्फोट, जुलै २००६. हायकोर्टानं २१ जुलै २०२५ ला बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं, त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टानं फाशीची शिक्षा दिलेली होती. तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. १९ वर्षं. त्या माणसांच्या लेकरांची लग्नं झाली असतील. आणि ज्यांची माणसं लोकलमध्ये मेली त्यांना तरी काय मिळालं, खरा कोण हे अजून कळलं का त्यांना?

आणि आमच्या परभणीतलं तर ताजं आहे. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी बंदला दगडफेक-जाळपोळ झाली, ते चूकच. मग रात्री वस्त्यांमध्ये कोम्बिंग. कायदा शिकणारा एक पोरगा उचलला, तो १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याच्या आईला गुन्हा नोंदवा म्हणून हायकोर्टात जावं लागलं. खंडपीठानं ४ जुलै २०२५ ला पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश दिला, त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही तो कायम राहिला. त्या पोरानं काय लपवलं होतं म्हणता?

हिप्परग्याकडचे गुरुजी :
मी ८१ वर्षांचा आहे, टाइप नातू करतो आहे. "आधी जिवंत राहू, हक्कांचं नंतर बघू" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

निजामाच्या राज्यात गश्ती नंबर ५३ नावाचं एक फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. कारण सांगायचे शांतता बिघडेल. माझे वडील सांगायचे, लोक भजनाच्या नावाखाली, गणपतीच्या नावाखाली जमायचे आणि बोलायचं ते बोलायचे. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढलं, तेही शांततेसाठीच. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो कशातून सुटलो म्हणून लावतो, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं.

मग आणीबाणी आली. आपल्या 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव, जे निजामाविरुद्ध लढले होते, त्यांना स्वतंत्र भारताचा तुरुंग बघावा लागला. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आणीबाणीत माणसाला अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, पाचापैकी एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. तो निकाल चूक होता हे कोर्टानं २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात, मान्य केलं. चाळीस वर्षांवर काळ गेला मध्ये. तेव्हाही माझे सहकारी शिक्षक म्हणायचे, गाड्या वेळेवर यायल्यात, तुम्हाला काय त्रास आहे.

निवृत्त फौजदार, लातूर :
गुरुजी, नमस्कार करतो. पण निजामाशी तुलना मला मान्य नाही. आजचं सरकार तुम्ही-आम्ही मतदानानं आणतो आणि कोर्ट उघडी आहेत, परभणीच्या केसमध्ये आदेश दिला तो कोर्टानंच ना.

परभणीबद्दल मी बचाव करणार नाही. कोठडीतला माणूस ही आमची जबाबदारी असते, पोरा, तुझ्या लिहिण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मोबाइलचं सांगतो. नाक्यावर कुणाचाही फोन उघडून वाचायचा असा अधिकार मी नोकरीत असताना नव्हता आणि आजही मला माहीत नाही. गुन्हा असेल, संशयाला आधार असेल तर नोटीस द्या, पंचनामा करा, फोन सील करा, लॅबला पाठवा. हैदराबादेत २०२१ मध्ये गांजा शोधायचा म्हणून रस्त्यावर लोकांचे चॅट वाचतानाचे व्हिडिओ आले होते, ते बघून मला लाज वाटली होती. शिवाय असा पुरावा कोर्टात टिकवणं अवघड. फोनमधला पुरावा किती मोठा असतो हे मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाच्या प्रकरणानं अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं, पण तो रीतसर जप्त केलेल्या फोनमधून आला, नाक्यावर बोट फिरवून नाही.

नेट बंदवर मात्र मी ठाम आहे. ताईंनी लिहिलेली रात्र मी खालून, रस्त्यावरून बघितली आहे.

शहागंजची ताई, संभाजीनगर :
काका, पण मग एक करता येईल ना. किती वाजेपर्यंत बंद ते भोंगा लावून सांगा, कॉल चालू ठेवा, दवाखान्यांचं तरी काहीतरी करा. त्या रात्री मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर काहीच कळत नव्हतं ह्याची.

देश आधी, नांदेड :
परभणीच्या भावाचं दोनदा वाचलं. लोकलच्या केसचं एवढं माहीत नव्हतं. पहलगामबद्दलचं माझं मत तेच आहे, सुरक्षेत ढिलाई नको. पण चुकीचा माणूस आत गेला म्हणजे बरोबरचा बाहेर राहिला, हे खरं आहे.

गोदाकाठचा, अंबड :
सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमची गच्ची माझ्या डोक्यातून जाणार नाही, मी ते जगलो नाही हे खरं आहे.

वकील साहेबांच्या बोलण्यावरून मी ठरवलंय की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. २६ फेब्रुवारी २०२४ चा नेट बंदचा लेखी आदेश, त्याचं कारण, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, तो कुठं प्रसिद्ध केला, आणि समितीनं तो तपासला त्याच्या बैठकीची नोंद. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी बीडला नेट बंद होतं त्याचंही मागतो. संघटनांवर बंदी घालायचे अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झालंय, म्हणजे कागद मागायची सवय आत्ताच लावून घेतलेली बरी. आणखी कुणी आपापल्या जिल्ह्यातून टाकणार असेल तर सांगा.

निवृत्त फौजदार, लातूर :
अर्ज कलेक्टर ऑफिसला टाकू नका, आमच्याकडे नाही म्हणून फिरवतील. गृह विभाग, मंत्रालय. मसुदा आधी इथं टाका, कुठं अडवतील ते मी वाचून सांगतो.