परदेशात रेल्वेला उशीर, भरपाईचा अर्ज फेटाळला. आता कोणाकडे मागायची?

रानजाई
घाईत लिहितेय, कोणाला माहिती असेल तर कृपया लगेच सांगा. आईबाबांना घेऊन फिरायला गेलो होतो. गाडी ४८ मिनिटं उशिरा पोचली, त्यामुळे पुढची गाडी हुकली. मुक्कामाच्या गावी पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. बाबांना मधुमेह आहे, आठच्या आत जेवण लागतं. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते म्हणून निभावलं. ज्या ॲपवरून तिकिटं काढली तिथे पैसे परत मागितले, तर 'तुम्ही प्रवास पूर्ण केला आहे, परतावा मिळणार नाही' असं उत्तर आलं. दोनदा पाठवलं, दोनदा तेच. उशीर झाल्यास भरपाई मिळते असा फलक मी तिथल्या स्टेशनवर स्वतः वाचलाय. मग मागायची कोणाकडे? हे पैसे मी सोडणार नाहीये.

मुळामुठा
देश कुठला? कधीचा प्रवास? तिकीट कसलं? यातलं काहीच नाही लिहिलंस.

जुनाप्रवासी
युरोप असेल तर नियम सरळ आहे. ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के. ७ जून २०२३ पासून सुधारित नियम लागू आहेत आणि अर्जाला ३ महिने मिळतात. ४८ मिनिटांना काहीही मिळणार नाही, तेव्हा सोडून द्या. मला स्वतःला दोनदा मिळाली आहे. अर्जात 'कूपन नको, पैसेच द्या' असं स्पष्ट लिहायचं, तो आपला हक्क आहे.

पावशेर
आपल्याकडे गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही चढलाच नाहीत, तर टीडीआर (म्हणजे परताव्याचा अर्ज) भरून पूर्ण पैसे मिळतात. तोही गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरावा लागतो. एकदा चढलात की विषय संपला. तिकडेही तेच असणार, म्हणूनच ॲपने नाही म्हटलं. मागे तेजस एक्स्प्रेसला तासाभराच्या वर उशीर झाला तर १०० रुपये आणि २ तासांच्या वर २५० रुपये अशी योजना आली होती, त्यात मात्र प्रवास करूनही पैसे मिळायचे.

रानजाई
देश लिहायचा राहिला. ब्रिटन. लंडन किंग्ज क्रॉसहून एडिंबरा, तिथे गाडी बदलून इन्व्हरनेस. पावशेर, पण आम्हाला तर जायचंच होतं! हॉटेलचे पैसे भरलेले. न चढून काय करणार होतो?

थेम्सकाठ
रानजाई, तुमची गल्लत कुठे झाली ते कळलं. परतावा आणि भरपाई या ब्रिटनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी रद्द झाली किंवा उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर परतावा. तो तिकीट विकणाऱ्याकडे मागायचा. उशीर सोसून प्रवास केला, तर भरपाई. ती रेल्वे कंपनीकडे मागायची आणि तिला 'डिले रिपे' म्हणतात. तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात, ॲपवाले कितीही वेळा विचारलंत तरी नाहीच म्हणणार.

आता हे सांगा. प्रवास कोणत्या तारखेचा? एडिंबऱ्याला दोन गाड्यांमध्ये वेळापत्रकाप्रमाणे किती अंतर होतं? इन्व्हरनेसला मुळात किती वाजता पोचणार होतात? एकच तिकीट होतं की दोन?

जुनाप्रवासी
परतावा काय, भरपाई काय, शेवटी ६० मिनिटं झाली नाहीत हे खरं. आणि घाई कशाला करताय त्यांना? ३ महिने आहेत हातात.

थेम्सकाठ
३ महिने नाहीत!! ते युरोपीय संघाचं. ब्रिटनमध्ये २८ दिवस. कृपया अशी मुदत ठोकून सांगू नका, त्या थांबल्या तर पैसे जातील. आणि तुमचा ६० मिनिटांचा नियमही इथे लागू नाही. इथे बहुतेक कंपन्यांत १५ मिनिटांपासून सुरुवात होते. १५ ते २९ मिनिटांना भाड्याच्या २५ टक्के, ३० ते ५९ ला ५० टक्के, ६० च्या पुढे पूर्ण भाडं. परतीचं तिकीट असेल तर १२० मिनिटांपासून जाण्यायेण्याचं दोन्ही.

जुनाप्रवासी
मुदतीचं माझं चुकलं, मान्य. मी जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या अनुभवावरून लिहिलं होतं.

सह्यकडा
उशीर कशामुळे झाला तेही बघा. कंपनीची चूक नसेल तर ते हात वर करतात.

रानजाई
पीटरबरोच्या पुढे विजेची वरची तार तुटली होती. गाडीत तसं दोन-तीनदा सांगत होते.

सह्यकडा
मग झालं. तारा कंपनीच्या मालकीच्या नसतात. काही मिळणार नाही.

थेम्सकाठ
सह्यकडा, डिले रिपेमध्ये कारण विचारतच नाहीत. तार तुटो, सिग्नल बिघडो, बर्फ पडो, उशीर झाला की द्यावी लागते. युरोपीय संघात तुम्ही म्हणता तशी सूट आहे. टोकाचं हवामान, रुळांवर माणूस आला, तारांची चोरी अशा वेळी तिथे नाकारू शकतात. तिथेही कर्मचाऱ्यांचा संप हे कारण मात्र चालत नाही.

अबोली
रानजाई, आईबाबा साठीच्या पुढचे आहेत ना? मग सिनियर रेलकार्ड का नाही काढलंत? ६० वर्षांवरच्या कोणालाही मिळतं, भारतातून फिरायला आलेल्यालाही. भाड्यात एक तृतीयांश सूट. लंडन ते एडिंबरा एवढ्या एका प्रवासातच बराचसा खर्च निघतो. माझ्या सासूबाईंचं आम्ही काढलं होतं, त्या तर आता मला न विचारता फिरतात.

रानजाई
अबोली, पुढच्या वेळी नक्की. आत्ता आधी हे.

थेम्सकाठ, तुम्ही विचारलेलं सगळं लिहिते. प्रवास झाला त्याला आज २४ दिवस. म्हणजे ४ दिवस उरले, बापरे! एडिंबऱ्याला ३५ मिनिटं होती. इन्व्हरनेसला ८ वाजून २० मिनिटांनी पोचायचं होतं, पोचलो साडेदहाला. पुढच्या गाडीचे गार्ड भले होते, आधीची गाडी उशिरा आली म्हटल्यावर त्याच तिकिटावर बसू दिलं. तिकिटं वेगवेगळी होती, तसं स्वस्त पडत होतं. लंडन ते एडिंबरा माणशी ६४ पौंड, पुढे माणशी २२. ही आईबाबांची दोन तिकिटं. माझं तिकीट ऑफिसकडून होतं, ते यात धरू नका. दोघांची तिकिटं लेस्टरच्या मामेभावाने त्याच्या कार्डावर काढली. आम्ही आता नाशिकला परत आलोय आणि फॉर्मवर ब्रिटनचं खातं मागतात.

मुळामुठा
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं गं.

थेम्सकाठ
तुमचा उशीर ४८ मिनिटांचा नाही, १३० मिनिटांचा आहे. इथे शेवटच्या ठिकाणी पोचायला झालेला उशीर मोजतात. तिकिटं दोन असली तरी प्रवास एकच धरतात. अट एवढीच की जिथे एक तिकीट संपून दुसरं सुरू होतं तिथे गाडी थांबली पाहिजे, आणि तुम्ही तर तिथे गाडी बदलली. ३५ मिनिटांचं अंतरही पुरेसं आहे, 'तुम्हीच घाईचं जुळवलंत' असं त्यांना म्हणता येणार नाही.

अर्ज ज्या कंपनीच्या गाडीमुळे पहिला उशीर झाला तिच्याकडेच, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. दुसऱ्या कंपनीकडे वेगळा करू नका. एकाच अर्जात दोन्ही तिकिटांचे पीडीएफ जोडा. सुटण्याचं स्थानक लंडन, पोचण्याचं इन्व्हरनेस लिहा, एडिंबरा नाही. पैसे मामेभावाच्या खात्यावर मागवा, तिकिटं त्याच्याच कार्डावरची आहेत.

जुनाप्रवासी
वेगळी तिकिटं काढूनही एकच प्रवास धरतात हे मला खरंच नवीन आहे. युरोपात असं सुटं तिकीट घेतलं आणि जोडगाडी हुकली तर बहुधा प्रत्येक तिकीट स्वतंत्र धरलं जातं. म्हणून मी सगळ्यांना एकसंध तिकीट घ्यायला सांगतो, थोडं महाग पडलं तरी.

पावशेर
जपानला फक्त एक्स्प्रेस गाडीसाठी घेतलेलं जादा शुल्क परत देतात, तेही २ तास उशीर झाला तर. पण तिथे २ तास उशीर होतो कुठे!

रानजाई
आत्ताच भरला अर्ज. भावाला रात्री उठवून खात्याचे तपशील घेतले.

रानजाई (९ दिवसांनी)
६४ पौंड मंजूर झाले म्हणून मेल आलाय. आनंद झाला, पण हिशेब कळेना. दोघांचे मिळून १७२ पौंड गेले होते ना?

थेम्सकाठ
त्यांनी एडिंबऱ्यापर्यंतच मोजलं. ४८ मिनिटं, म्हणून पहिल्या तिकिटाच्या १२८ पौंडांचे ५० टक्के. मान्य करून गप्प बसू नका. त्याच अर्ज क्रमांकावर उत्तर द्या: प्रवास लंडन ते इन्व्हरनेस, जोडगाडी तुमच्या उशिरामुळे हुकली, नियोजित वेळ ८.२०, प्रत्यक्ष १०.३०, दोन्ही तिकिटं पुन्हा जोडत आहे, उरलेले १०८ पौंड द्यावेत. नॅशनल रेलच्या प्रवास-अटींचा उल्लेख करा. तरी नाही म्हणाले तर त्यांचं अंतिम उत्तर लेखी मागा आणि रेल ऑम्बड्समनकडे, म्हणजे रेल्वे प्रवाशांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. २०१८ पासून आहे, एक पैसाही लागत नाही.

सह्यकडा
६४ मिळाले हेही काही कमी नाही. एवढ्यासाठी किती मेल करणार?

रानजाई
सह्यकडा, बाबांनी ही तिकिटं त्यांच्या पेन्शनमधून काढायला लावली होती. भावाने कार्ड वापरलं, पण त्याच दिवशी हिशेब करून त्याला रुपये दिले त्यांनी. मी जितके लागतील तितके मेल करीन. थेम्सकाठ, तुमच्या शब्दांत तसाच्या तसा पाठवलाय.

रानजाई (आणखी १३ दिवसांनी)
१०८ पौंड आले. सोबत दिलगिरीचं एक वाक्य होतं, ते बाबांना मराठीत करून वाचून दाखवलं. थेम्सकाठ, तुमचे मनापासून आभार. अबोली, ते रेलकार्ड भारतातूनच काढता येतं का? आई आतापासून विचारतेय.