पावसाळ्यातही मुलांना बाहेर सोडा

ताई, तुम्ही लिहिलंत की बेळगावात चार महिने पाऊस, मग मुलं बाहेर खेळणार कधी? आणि भिजली की आजारी पडतात. पण सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते बंद खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या मुलांत जास्त सहज पसरतात. भिजून आल्यावर अंग पुसून कपडे बदलले की झालं. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र घरातच.

मला खरी काळजी डोळ्यांची वाटते. लहान वयातच चष्मे लागताहेत. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम राबवला, तो लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, रोखण्यासाठीच. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड जेमतेम काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक). बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत असतो. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ज्यामुळे लघुदृष्टी येते ते नेत्रगोलाचं लांबत जाणं मंदावतं, असं संशोधक मानतात. म्हणजे आपलं भरलेलं आभाळही चालतं!

उघडीप मिळाली की टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात न्या. झाडं, मोकळी जागा, चिखल, सगळं आहे. त्यासाठी एखादी शिकवणी बुडाली तरी बुडू दे, असं माझं स्पष्ट मत. आणि खानापूर-जांबोटीकडे आजोळ असेल तर मे महिन्यात तिकडंच पाठवा. काटे चुकवत करवंदं काढणं, कुठली फांदी भार घेईल हे ओळखणं मुलं तिथंच शिकतात. मोठ्यांनी विहीर आणि नदीपाशी तेवढं लक्ष ठेवायचं.