दहावीच्या सुट्टीत डोक्यावर घेतलेलं मृत्युंजय आता झेपलं नाही. तुमचं असं कुठलं पुस्तक?

पानगळ

दहावीनंतरच्या सुट्टीत शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी मृत्युंजय वाचलं होतं, तीन दिवसांत संपवलं, जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेवलं नव्हतं आणि कवचकुंडलं दिली त्या पानावर ढसाढसा रडलो होतो. नंतर कितीतरी वर्षं कुणी आवडतं पुस्तक विचारलं की तोंडातून हेच नाव यायचं, परत न वाचताच. मागच्या महिन्यात हौसेनं पुन्हा काढलं आणि खरं सांगतो, दोनशे पानं ओलांडताना दमलो.

मुख्य अडचण आवाजाची. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, १९६७ साली ही रचना करणं म्हणजे मोठीच उडी होती, आणि सावंत तेव्हा फक्त सत्तावीस वर्षांचे होते हे लक्षात आलं की आदर अजूनच वाढतो. पण सहाही जण बोलतात एकसारखेच. मधलंच एखादं पान उघडलं तर कोण बोलतंय हे नात्यांवरून ओळखावं लागतं, बोलण्याच्या ढबीवरून नाही. दुर्योधन मत्सरानं जळतोय, कुंतीनं पोटचं पोर नदीत सोडलंय, शोण भावाच्या रथामागे धावतोय, तिघांची दुःखं किती वेगळी! आणि तरी तिघांची वाक्यं तशीच लांब, तशीच अलंकारांनी लगडलेली. पंधराव्या वर्षी मला हेच भव्य वाटलं होतं.

दुसरं म्हणजे मधल्या काळात इरावती कर्व्यांचं युगान्त वाचून झालं होतं. गंमत बघा, तेही १९६७ चंच. त्यातला 'मी कोण?' हा कर्णावरचा लेख वाचल्यावर मूळ कथेकडे वळलो, तर तिथला कर्ण घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गेले असताना झालेल्या लढाईत, गंधर्वांसमोरून पळतो, ज्या मित्रासाठी जीव द्यायचा त्याला शत्रूच्या हाती सोडून पळतो, आणि द्यूतसभेत द्रौपदीला जे बोलतो ते वाचवत नाही. हा माणूस मला मृत्युंजयमधल्या कर्णापेक्षा कितीतरी खरा वाटला. चुकलेला आणि आपण चुकलोय हे आतून ठाऊक असलेला. त्याच्याशेजारी कादंबरीतला कर्ण ठेवला की तो सतत मागून सूर्याचा उजेड सोडलेला दिसतो.

आता मला चुटपुट लागलीये. पुस्तक तर तेच आहे, अक्षरसुद्धा बदललं नाहीये. मग तेव्हाचं रडणं खोटं होतं का आत्ताचा कंटाळा खोटा?

रथचक्र

तुमचा पहिला मुद्दा निम्मा मान्य, दुसरा अजिबात नाही.

कादंबरी ही महाभारताची गाईड नाहीये हो. कर्णाकडे मायेनं बघायची रीत काय सावंतांनी सुरू केली का? भासाच्या नावावर असलेलं कर्णभार बघा, एका अंकाचं छोटंसं नाटक, त्यात कवचकुंडलं देऊन टाकणारा कर्ण किती मोठा उभा केलाय. हिंदीत दिनकरांचं कर्णावरचं काव्य रश्मिरथी १९५२ चं. म्हणजे शेकडो वर्षं या देशातले लेखक त्या माणसापाशी थांबतायत, कारण जन्मावरून हिणवला गेलेला माणूस इथे प्रत्येक पिढीत असतो. मूळ कथेत तो पळाला म्हणून कादंबरीनं पण त्याला पळवतच ठेवायचं का?

आणि 'मूळ' म्हणजे तरी कुठलं? पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवायचं काम १९१९ ला सुरू केलं आणि ते पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. त्यात, द्रौपदी स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणते तो सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग मुख्य संहितेतून तळटीपेत गेलाय. म्हणजे कर्णाचा सगळ्यात गाजलेला अपमानच नंतर कुणीतरी घातलेला. महाभारत असंच वाढत आलंय, प्रत्येक पिढीनं आपल्याला टोचणारं काहीतरी त्यात घातलंय, सावंतांनीही तेच केलं. त्यांच्या कर्णाला इरावतीबाईंच्या फूटपट्टीनं मोजू नका, त्या शास्त्रज्ञाच्या नजरेनं लिहीत होत्या.

पानगळ

तळटीपेचा मुद्दा चांगला काढलात, पण मला वाटतं तो माझ्याच बाजूला येतो. अपमानाचा प्रसंग नंतर आला असेल तर कर्णाला सहानुभूती मिळवून द्यायची खटपट किती जुनी आहे हेच दिसतं ना? माझी तक्रार लेखकानं कथा बदलली ही नाहीच. बदलताना त्याची धार गेली ही आहे. चुकणारा कर्ण ठेवून त्याच्यावर प्रेम करायला लावलं असतं तर मी आजही रडलो असतो.

उंबरठा

सगळे वाचनात मुरलेले लोक बोलतायत म्हणून लिहू की नको करत होते, पण लिहिते. आमच्या घरात पुस्तक हा प्रकारच नव्हता. क्रमिक पुस्तकं सोडून मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पुस्तक मृत्युंजय, तेही एका ओळखीच्या ताईंनी वाचून झाल्यावर दिलेलं, पुठ्ठा निघालेला. त्यातलं मराठी मला कळत नव्हतं, अर्धे शब्द तर आयुष्यात ऐकलेले नव्हते, तरी मी सोडलं नाही कारण आपल्याला चारचौघांत जात विचारून गप्प बसवलं जातं तेव्हा पोटात जे होतं ते त्या पुस्तकात कुणीतरी लिहून ठेवलं होतं. तुम्ही म्हणता भाषा अलंकारांनी लगडलेली. असेल. पण मला तेव्हा वाटलं होतं की आपल्या दुःखाला पण एवढी भारी भाषा मिळू शकते! ते वाक्य लांब आहे का आखूड याचा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

मी परत वाचलेलं नाही आणि परत वाचायचं पण नाहीये. त्याचं काम झालं.

पानगळ

उंबरठा, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ उत्तर सुचलं नाही. मी आवाजाबद्दल बोलत होतो आणि तुम्हाला तिथून आवाज मिळाला. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण 'झेपलं नाही' हे मी जरा लवकर लिहिलं असं वाटायला लागलंय.

शाईचा डाग

विषय कर्णावरून पुढे नेऊ का? माझ्या नावडत्या यादीत पहिला नंबर भालचंद्र नेमाड्यांची कोसला. तीनदा सुरू केली, तीनदा सोडली, आणि प्रत्येक वेळी होस्टेल-मेस-गॅदरिंगच्या आसपासच. १९६३ ची कादंबरी, पंचवीस वर्षांच्या मुलानं लिहिलेली, मराठी कादंबरी तिथून बदलली हे सगळं मला माहितीये आणि तीच अडचण आहे. पुस्तक हातात घ्यायच्या आधीच पाच जणांनी सांगितलं की तुझं आयुष्य बदलेल. नाही बदललं. पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर राहतो, सगळ्यांना तुच्छ समजतो आणि दर ओळीत उदाहरणार्थ नाहीतर वगैरे. पहिली वीस पानं ते ताजं वाटतं, नंतर ऐकणाऱ्याकडे न बघता बोलत सुटलेल्या माणसाशेजारी बसल्यासारखं होतं. आणि बायका कुठायत त्या पुस्तकात? मुलांच्या होस्टेलवरचं मुलांचं एकटेपण, ते मी का म्हणून माझं मानायचं? न आवडल्याचं सांगितलं की लोक एकच म्हणतात, तुला कळली नाही. हे फार अपमानाचं वाटतं मला. कळली आणि आवडली नाही असं असू शकत नाही का?

वाळूघड्याळ

असू शकतं, पण तुम्ही सोडलीत ती नेमकी दार उघडायच्या आधी. मनीपर्यंत पोचलात का तुम्ही? पांडुरंगची धाकटी बहीण. ती देवीच्या रोगानं मरते आणि तोवर शब्दांशी खेळत बसलेला हा मुलगा एकदम उघडा पडतो. मी आजवर मराठीत मरणावरचं असं काही वाचलेलं नाही, भावाला रडताही येत नाही आणि रागही नेमका कुणाचा काढायचा ते कळत नाही. तुम्हाला जो वगैरेचा कंटाळा आला ना, तो वगैरे मनीच्या मरणानंतर परत वाचा, तेव्हा कळतं की हा मुलगा काहीच पूर्ण बोलू शकत नाहीये, प्रत्येक वाक्य अर्धं सोडून पळतोय. आधी ज्या नायकांचं ऐकत होतो ते सगळे प्रेमात असू देत नाहीतर मरणाच्या दारात, भाषण केल्यासारखे बोलायचे. हा पहिला माझ्यासारखा अडखळला. मला कोसलानं वाचवलंय, हे मी वाढवून सांगत नाहीये.

शेवटचं पान

वाळूघड्याळ, मी मनीपर्यंत पोचले, शेवटपर्यंत वाचली, दोनदा वाचली. तो भाग थरारून टाकतो हे शंभर टक्के खरं. पण शाईचा डाग यांचा बायका कुठायत हा प्रश्न त्यानं मिटत नाही, उलट जास्त टोचतो. पुस्तकभर जी बाई मनात राहते ती एक मेलेली लहान मुलगी, आणि तिचं मरणसुद्धा अखेर भावाच्या पोकळीसाठी वापरलं जातं. मला ही कादंबरी ग्रेट वाटते आणि मला ती आवडत नाही. दोन्ही एकदम.

बाकी शंभर पानं ढकलल्यावर मग दार उघडतं हा युक्तिवाद मला कुठल्याच पुस्तकाच्या बाबतीत पटत नाही. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा नियम असा की पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर खुशाल सोडा. आणि वय पन्नासच्या वर गेलं की शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. म्हणजे सत्तरीच्या माणसाला तीसच पानं. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो, उरलेला वेळ मोजूनच पुस्तकाला संधी द्यायची.

रथचक्र

हा नियम पाळला असता तर मी अर्धं मराठी साहित्य वाचलंच नसतं. पन्नास पानांत लेखकाची भाषा कानात बसत नाही, काही पुस्तकं तुमची सवय मोडायलाच वेळ घेतात. चटकन आवडणाऱ्या पुस्तकांची आपल्याला इतकी चटक लागलीये की कंटाळा आला म्हणजे दोष पुस्तकाचाच असं आपण धरून चालतो.

कोरा कागद

मग दोष वाचकाचाच असं तरी का धरायचं? टॉल्स्टॉयला शेक्सपिअर आवडत नव्हता. तरुणपणी वाचला, नाही आवडला. आपलंच काही चुकत असेल म्हणून आयुष्यभर परत परत वाचत राहिला, रशियनमध्ये, इंग्रजीत, जर्मनमध्ये, पंचाहत्तरीला पुन्हा अख्खा वाचून काढला आणि तरीही नाही म्हणजे नाही. १९०६ मध्ये तसं लिहून छापलं. याच्यापेक्षा प्रामाणिक वाचक कोण असणार? त्याला पण कळला नाही असंच म्हणणार का?

मला ययातिनं असंच छळलं. ज्ञानपीठ मिळालेल्या खांडेकरांची सगळ्यात गाजलेली कादंबरी, १९५९ ची. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघांची निवेदनं आहेत आणि तिघंही दर पानावर आयुष्याबद्दल काहीतरी वहीत उतरवून घ्यावं असं बोलतात. भोगाच्या आहारी गेलेला राजा दाखवायचाय ना, मग त्याचा तोल जाताना दाखवा, तो तर पडतापडता सुविचार सांगतो. देवयानीनं ज्याच्यावर प्रेम केलं तो कच आला की मी पान उलटायचो. पोराचं तारुण्य मागणारा बाप, केवढा भयंकर प्रसंग आहे हो तो! तिथे वाचकाला एकटं सोडायला हवं होतं.

उंबरठा

वहीत उतरवून घेतलेल्यांपैकी मी एक. अजून आहे ती वही. तुम्हाला ज्या वाक्यांचा राग येतो त्यातली दोन मी फार वाईट दिवसांत रोज वाचायचे.

वाळूघड्याळ

टॉल्स्टॉयची गोष्ट अर्धी सांगितलीत. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलनं १९४७ मध्ये त्याला उत्तर दिलं, आणि तो काय म्हणाला तर, टॉल्स्टॉयला शेक्सपिअरचं किंग लिअर हे नाटक एवढं सहन होत नाही कारण लिअरची गोष्ट त्याच्या स्वतःच्याच गोष्टीच्या फार जवळ आहे, म्हातारपणी सगळं सोडून देणारा आणि त्यातून सुख न मिळालेला माणूस. म्हणजे नावड कधीकधी पुस्तकाबद्दल नाही, आपल्या दुखऱ्या जागेबद्दल बोलते. शाईचा डाग, तुम्हाला मी असं म्हणत नाहीये, चुकूनही नाही. मी मलाच विचारतोय, कारण मला बापलेकाच्या गोष्टी आवडत नाहीत आणि का ते मला नीट माहितीये.

शाईचा डाग

नाही, तुम्ही म्हटलं असतं तरी राग आला नसता. माझा भाऊ होस्टेलला होता आणि त्याच्या फीसाठी माझं शिक्षण एक वर्ष थांबलं होतं. पांडुरंगनं पैसे उडवले की मी पुस्तक मिटायचे, तिन्ही वेळेला तिथेच. आत्ता लिहिताना पहिल्यांदा दिसलं हे. तरीही माझं म्हणणं मागे घेत नाही, बायका नाहीत त्या पुस्तकात हे खरंच आहे आणि शेवटचं पान यांनी तर वाचून सांगितलंय.

रथचक्र

पानगळ, तुम्ही पुन्हा वाचताना दोनशेच्या पुढे दमलात म्हणालात. पूर्ण केलंत का? शेवटचं निवेदन श्रीकृष्णाचं आहे, म्हणजे कर्णाचा शेवट तुम्ही यावेळी वाचलाच नाहीत असं दिसतंय.

पानगळ

नाही वाचला. बुकमार्क अजून मध्येच आहे.

शाईचा डाग

मग असं करू, तुम्ही श्रीकृष्णापर्यंत जा, मी मनीपर्यंत जाते. रात्री झोपताना दहा-दहा पानं. मी उद्यापासून सुरू करतेय, आणि नाही आवडलं तर नाही आवडलं असंच लिहीन.