सातबाऱ्यावर बाईचं नाव: कुठे अडतं, काय करायचं?

शेतात राबते बाई. पीककर्ज, विमा, अनुदान मात्र उताऱ्यावरच्या नावाला. तुमच्या भागात गाडी नेमकी कुठे अडते, ते लिहा.

बांधावरची (मराठवाडा)
घोळ वारस नोंदीपासून. मुलगे भोगवटादार (जमीन ज्याच्या नावावर तो) रकान्यात, बायको-मुली 'इतर हक्कात', असे जुने फेरफार (उताऱ्यावरच्या बदलाच्या नोंदी) ढिगाने सापडतील. बँक बघते भोगवटादाराचा रकाना. म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, ८अ (खात्याचा उतारा) जोडून मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून रकाना स्वतः वाचा. 'नाव लागलंय' एवढ्यावर उठू नका.

खरीप-रब्बी (नाशिक)
नवरा हयात असेल तर लक्ष्मीमुक्ती. शेतकरी संघटनेने मोहीम चालवली, 1992 मध्ये सरकारचं परिपत्रक निघालं: नवऱ्याच्या अर्जावर बायको सहहिस्सेदार. पण नुसत्या नोंदीने मालकी येत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र पक्कं. बायकोला शेतजमीन देताना मुद्रांक 200 रुपये. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर आधी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करा, नाहीतर दीर हरकत घेतो आणि बक्षीसपत्र लटकतं.

ऊसवाली (सांगली)
आमच्याकडे पैसाअडका आहे, तरी बहिणीने वाटा मागितला की 'माहेर तुटलं'! हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी तेराव्याच्या गर्दीत साडी-चोळी देऊन सह्या होतात. वारस नोंदीला हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा कागद) लागत नाही, हे त्या गडबडीत कुणी सांगत नाही. नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तसा फेरफार धरलाच, तर नोटिशीच्या 15 दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे वारा.

@ऊसवाली, गोव्यातून:
इथे वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी. विक्रीला बायकोची सही लागतेच. पण फॉर्म १ आणि १४ वर (इथला सातबारा) बहुतेकदा एकट्या नवऱ्याचं नाव, त्यामुळे कर्जाच्या खिडकीवर तिला लग्नाचा दाखला दाखवत बसावं लागतं. आणि भावासाठी वाटा सोडणं? ते इथेही चालतंच.