प्रति: साइन्ड यूआरएल असताना डीआरएम कशाला?
साइन्ड यूआरएल (ठरावीक वेळेपुरती चालणारी, सही केलेली लिंक) असताना डीआरएमचा, म्हणजे व्हिडिओला कुलूप लावून परवान्यानेच उघडू देणाऱ्या व्यवस्थेचा खर्च कशाला, असं वर विचारलंय. साइन्ड यूआरएल फक्त दार राखते. व्हिडिओ एकदा ब्राउझरपर्यंत पोचला की त्यावर आपला ताबा उरत नाही. साध्या एचएलएस एईएस-१२८ मध्ये (व्हिडिओ तुकड्यांत पाठवताना लावलेल्या साध्या एन्क्रिप्शनमध्ये) तर ते उघडण्याची किल्लीच ब्राउझरच्या हाती पडते. वाइडवाइन (गूगल), फेअरप्ले (ॲपल), प्लेरेडी (मायक्रोसॉफ्ट) या डीआरएममध्ये ती लायसन्समध्ये बंद होऊन थेट डिक्रिप्शन मॉड्यूलकडे, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या बंदिस्त भागाकडे जाते.

क्लाउडवर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते किल्ल्यांचं वाटप. पॅकेजर (व्हिडिओ एन्क्रिप्ट करून तयार करणारा) आणि की-सर्व्हर (किल्ल्या देणारा) यांच्यात ॲमेझॉनचा स्पीक, म्हणजे किल्ल्या देण्याघेण्याचा ठरलेला प्रोटोकॉल, वापरत असाल तर आवृत्ती २ घ्या. तिच्यात ऑडिओ, एसडी (साधा दर्जा) आणि एचडी (उच्च दर्जा) यांना वेगवेगळ्या किल्ल्या देता येतात. सगळीकडे एकच किल्ली ठेवली, आणि वाइडवाइन एल३ च्या, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरवर भिस्त असलेल्या उपकरणातून ती फुटली, तर एचडीसुद्धा उघडं पडतं. हे कळकळीने सांगतोय, कारण चाचणीत हा दोष दिसतच नाही. व्हिडिओ छान चालतो.

फॉरमॅट म्हणाल तर सीमॅफ (व्हिडिओ फाइलींचा सामाईक साचा) आणि सीबीसीएस (एन्क्रिप्शनची एक पद्धत). फेअरप्लेला सीबीसीएसच लागतं आणि नव्या उपकरणांवर फाइलींचा एकच संच तिन्ही डीआरएमवर चालतो. जुने टीव्ही मात्र आधी तपासा, काहींना सीबीसीएस झेपत नाही.