भिंतींपेक्षा घंटा महत्त्वाची
ख्रिस्ती मठात घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांविषयी एक मत असे की, मठाच्या बंद भिंतींमुळे संशयित मोजकेच राहतात, हेच त्यांचे आकर्षण आहे. ते मला अर्धेच पटते. बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या) मठात अहोरात्र मिळून आठ प्रार्थना ठरलेल्या वेळी, घंटा वाजली की होत, त्यामुळे एखादा भिक्षू जागेवर नसला की ते लगेच लक्षात येई. रहस्यकथेला लागणारे वेळापत्रक लेखकाला असे आयतेच मिळते.

शिवाय एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल (खुनांचा छडा लावणारा भिक्षू) मालिकेतील पहिली कादंबरी (१९७७) खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. इंग्लंडमधील श्रूजबरी मठाचे प्रायर (मठाधिपतींचे दुय्यम) रॉबर्ट यांनी ११३८ मध्ये वेल्समधील ग्विथरिन गावातून संत विनिफ्रेडच्या अस्थी आणल्या आणि त्याचा वृत्तान्तही (अर्थातच स्वतःच्या बाजूने) लिहून ठेवला. अस्थी आल्या की यात्रेकरू येत आणि त्यांच्यामागोमाग देणग्या. खुनासाठी इतका सबळ हेतू कल्पनेने रचावा लागत नाही.